ताप उतरल्यानंतरचे तीन महिने

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी गुरांच्या अंगावर गाठी दिसल्या. त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीतली महाराष्ट्रातली ही पहिली नोंद. पोळ्याला तीनच आठवडे उरले होते. बघता बघता जळगाव-धुळ्याकडून ही साथ राज्यभर पसरली, गुरांचे बाजार बंद झाले आणि शेळ्यांच्या देवीवरची लस गाई-बैलांना टोचली जाऊ लागली. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत सरकारने जाहीर केली. गोठ्यागोठ्यांत बोलणं होतं ते दुधाचं, गाठींचं आणि मेलेल्या जनावरांचं.

पशुवैद्यकांना मात्र आणखी एक काळजी होती. लम्पीचा विषाणू वळूच्या अंडकोषातही जाऊन बसतो. दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टपूर्ट इथल्या संशोधकांनी वळूंना मुद्दाम संसर्ग करून त्यांचं वीर्य महिनोन्‌महिने तपासलं होतं. संसर्गानंतर ४२ व्या दिवसापर्यंत वीर्यात जिवंत विषाणू सापडला आणि त्याचे जनुकीय अंश तर १५९ व्या दिवसापर्यंत मिळत राहिले. अंगावरच्या गाठी सुकतात, वळू चारा खाऊ लागतो, मालक सुटकेचा श्वास सोडतो. वीर्यातली भानगड पुढेही चालू असते. काही वळूंच्या अंडकोषांना सूज येते आणि ते काही काळ, कधी कायमचेच, निकामी होतात. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की लस टोचलेल्या वळूंना संसर्ग केला तरी त्यांच्या वीर्यात विषाणू उतरत नाही.

म्हणून पैदाशीच्या वळूंवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या गोठित रेत प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथे आहेत. अशा ठिकाणी नवा वळू आला की आधी तो वेगळा ठेवतात. क्षय, सांसर्गिक गर्भपात, आयबीआर या रोगांच्या चाचण्या होतात आणि त्या ठरावीक मुदतीने पुन्हा होतात. आयबीआर हाही विषाणूचाच रोग, वीर्यातून पसरणारा. दर वेळच्या वीर्यातले शुक्राणू मोजतात, त्यांची हालचाल पाहतात, गोठवून वितळवल्यावर निम्मे तरी हलतात का हे बघतात. मग उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात ठेवलेली, सुमारे दोन कोटी शुक्राणूंची ती कांडी गावातल्या गाईपर्यंत येते. वळूला ताप येऊन गेला असेल, तर पुढचे दोन महिने त्याचं वीर्य भरवशाचं नाही, हे त्या खात्यातला अनुभवी माणूस पाठ असल्यासारखं सांगतो.

त्याच गावातल्या माणसाला डेंग्यू होतो, चिकुनगुनिया होतो, गालगुंड होतं. ताप उतरला की विषय मिटला. पुढे वर्ष-दोन वर्षांत घरात पाळणा हलला नाही, तर त्या तापाची आठवण कुणालाच होत नाही. डॉक्टरांनी विचारलं तरच ती निघते, आणि तोवर बायकोच्या निम्म्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर अंडकोषाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकत, पोहायला शिकत ते आणखी दहा-बारा दिवस घालवतात. म्हणजे आज वीर्यात दिसणारा शुक्राणू सुमारे तीन महिन्यांपूर्वी घडायला घेतलेला असतो. या कामाला शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस थंडावा लागतो. अंडकोष पोटाबाहेर लोंबत असतात ते त्यासाठीच. तीन-चार दिवस अंगात १०३ ताप असला, की हा थंडावा जातो आणि घडणीच्या नाजूक टप्प्यावर असलेले शुक्राणू मरतात किंवा वेडेवाकडे घडतात. डेन्मार्कमध्ये काही निरोगी पुरुषांचं वीर्य सव्वा वर्षाहून अधिक काळ नियमित तपासलं गेलं, तेव्हा ताप येऊन गेल्यावर शुक्राणूंचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घसरलेलं दिसलं. ही घसरण ताप असताना दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसते, जेव्हा माणूस ठणठणीत होऊन शेतात किंवा दुकानात कामाला लागलेला असतो. पुढच्या फेरीत नवे शुक्राणू तयार झाले की ती आपोआप भरून निघते.

खानदेशात पावसाळा सरता सरता डेंग्यू-चिकुनगुनियाचे ताप घरोघर असतात. दिवाळीनंतर कुणी वीर्य तपासून घेतलं, आकडा कमी आला आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं, असं सहज होऊ शकतं. अहवाल खरा असतो, पण तपासणीची वेळ चुकलेली असते. अशा तापानंतर तीन महिने थांबून पुन्हा तपासल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये. त्यात विषाणूचा प्रकारही फारसा महत्त्वाचा नसतो; ताप मोठा असणं पुरेसं असतं.

गालगुंडाचं प्रकरण याहून वेगळं आहे, कारण तिथे विषाणू स्वतः अंडकोषात शिरतो. गाल सुजणं आणि अंडकोष सुजणं यांचा संबंध हिपोक्रेटसने सुमारे २४०० वर्षांपूर्वी, ग्रीसमधल्या थासोस बेटावरच्या साथीचं वर्णन करताना नोंदवला होता. हा रोग विषाणूचा आहे हे जॉन्सन आणि गुडपाश्चर या दोघांनी १९३४ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. लागण झाल्यावर साधारण अडीच आठवड्यांनी कानाखालच्या लाळग्रंथी फुगतात. गावाकडे त्यावर लेप लावतात, डोक्याला रुमाल बांधतात, पोराला आंबट देत नाहीत. लहान वयात हे दुखणं बहुधा तिथेच संपतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलांत अंडकोषाला सूज येणं विरळाच, त्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलाला गालगुंड झालं म्हणून त्याच्या लग्नाची चिंता आईने आत्तापासून करू नये.

वयात आल्यावर हाच रोग वेगळं रूप दाखवतो. लस न घेतलेल्या तरुण पुरुषांत दर शंभरातल्या १५ ते ३० जणांच्या अंडकोषाला सूज येते. गाल फुगल्यावर चार ते आठ दिवसांनी, बरं वाटायला लागलेलं असतानाच पुन्हा थंडी वाजून ताप भरतो, ओकाऱ्या होतात आणि एका बाजूचा अंडकोष सुजून इतका दुखतो की चालवत नाही. कधी कधी गाल फुगतच नाहीत, थेट हेच सुरू होतं. अशा वेळी गालगुंडाची शंकाही कुणाला येत नाही.

इतर अवयवांपेक्षा इथे नुकसान जास्त का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. अंडकोषाभोवती एक जाड पांढरं कवच असतं आणि ते ताणलं जात नाही. हात सुजला तर कातडी सैल होऊन सुजेला जागा देते. अंडकोष सुजला की सगळा दाब आतल्या आत राहतो. शुक्राणू घडवणाऱ्या बारीक नळ्या त्या दाबाखाली चेपतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्यातल्या पेशी मरतात. दुसरं कारण शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. आपलं काय आणि परकं काय, हे ती व्यवस्था जन्माच्या आसपास शिकते. शुक्राणू मात्र वयात आल्यावर पहिल्यांदा तयार होतात, म्हणून तिच्या लेखी ते परकेच. त्यांना तिच्यापासून लपवण्यासाठी नळ्यांभोवती पेशींची घट्ट तटबंदी असते. विषाणू तिला भगदाड पाडतो, लढाऊ पेशी आत घुसतात आणि विषाणूबरोबर शुक्राणूंवरही तुटून पडतात. विषाणू गेल्यावरही शुक्राणूंविरुद्धची प्रतिपिंडं काही जणांत मागे राहतात.

म्हणून वयात आल्यावर गालगुंड झालं की बाप होणं संपलं, ही समजूत मात्र चुकीची आहे. सूज आलेल्यांपैकी बहुतेकांना ती एकाच बाजूला येते. सुजलेल्या अंडकोषांपैकी तीसएक टक्के ते निम्मे पुढे थोडेफार लहान होतात. दुसरी बाजू शाबूत असेल तर मूल व्हायला ती पुरते. दोन्ही बाजूंना सूज आली तर धोका खरा, पण त्यातही वीर्यात एकही शुक्राणू न राहणं दुर्मीळच. शुक्राणूंची संख्या आणि दर्जा काही महिने, कधी वर्षभर खाली राहणं, हे जास्त वेळा घडतं.

उपचार साधे आहेत. विश्रांती, वेदनाशामक, बर्फाचा शेक आणि अंडकोषांना आधार. आपल्याकडच्या पैलवानांचा लंगोट या कामाला उत्तम, तो फक्त करकचून बांधायचा नाही. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत, आणि अंडकोष आक्रसू नये याची खात्री देणारं औषधही नाही. तरीही डॉक्टरांकडे लगेच जायचं ते एका वेगळ्याच कारणासाठी. तरुण मुलाच्या अंडकोषात अचानक कळ आली, तर ती सूज विषाणूची असेल किंवा अंडकोषाला पीळ पडलेला असेल. पीळ पडला की रक्त थांबतं, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी हा फरक दाखवते, आणि पिळाची शंका दाट असेल तर तिच्यासाठीही सर्जन थांबत नाहीत. अशी मुलं लाजतात, रात्रभर दुखणं सोसतात, सकाळी आईला पोट दुखतंय म्हणून सांगतात. शिरपूर किंवा चोपड्याच्या पलीकडच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ त्यात धरला, तर सहा तास हे काहीच नाहीत.

विषाणू आणि वीर्य यांचा आणखी एक संबंध आहे आणि तो या पहिल्यात मिसळू नये. काही विषाणू शुक्राणूंच्या घडणीला फारसा धक्का न लावता वीर्यातून नुसता प्रवास करतात. रक्तात उतरणारे २७ वेगवेगळे विषाणू माणसाच्या वीर्यात सापडल्याची मोजदाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राला याचा अनुभव २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला, आणि आरोग्य खात्याने डासांवर औषधफवारणी करण्याबरोबर गावात निरोध वाटले आणि जोडप्यांना काही महिने गर्भधारणा टाळायला सांगितलं. डासाने होणाऱ्या तापात निरोधाचं काय काम, असं कित्येकांना वाटलं असेल. झिका गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो आणि ताप गेल्यावरही पुरुषाच्या वीर्यात टिकून राहतो, म्हणून पुरुषाने तीन महिने काळजी घ्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन महिने हा मुक्काम इथेही आलाच.

एचआयव्हीचंही असंच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. ट्रकचालकांच्या या चौकाला त्या रोगाची ओळख फार आधीपासून आहे. मोफत औषधं २००४ पासून मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजणीच्या खाली गेला असेल, तर तो जोडीदाराला लागत नाही आणि असं जोडपं डॉक्टरांच्या सल्ल्याने निरोगी मुलाचे आईबाप होऊ शकतं. हे अजून फार कमी घरांत माहीत आहे.

कोविडच्या वेळी ही चर्चा पहिल्यांदा उघड झाली, पण उलट्या टोकाने. लस घेतली की नपुंसकत्व येतं, ही अफवा लस येण्याआधीच गावोगाव पोचली होती. ३ जानेवारी २०२१ ला लशींना परवानगी जाहीर करताना देशाच्या औषध महानियंत्रकांना ती खोटी असल्याचं सांगावं लागलं. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण आपल्या समाजात खोल मुरलेली आहे, त्यामुळे सरकारी सुईबद्दल संशय यावा हे मी समजू शकतो. पण पुरावा नेमका उलट सांगत होता. अमेरिकेत ४५ पुरुषांचं वीर्य लशीआधी आणि नंतर तपासलं, त्यात घट दिसली नाही. घट दिसली ती रोग होऊन गेलेल्यांत. मुंबईच्या जसलोक रुग्णालयाने आणि आयआयटी मुंबईने २०२२ मध्ये कोविडमधून बरे झालेले १७ पुरुष आणि निरोगी असलेले १० पुरुष यांच्या वीर्याची तुलना प्रसिद्ध केली. बरे झालेल्यांत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि सुबक आकार, तिन्ही कमी होती आणि प्रजननाशी संबंधित दोन प्रथिनं निम्म्याहून कमी आढळली. १७ माणसांवरून जगाचा निवाडा करता येत नाही. इतर देशांतल्या पाहण्यांत बहुतेकांचे आकडे तीन महिन्यांच्या आसपास सावरताना दिसले. ज्या सुईला लोक घाबरले तिच्यापासून धोका नव्हता, एवढं मात्र नक्की.

मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. तरी धुळ्याच्या एकवीरादेवीला किंवा सप्तशृंगी गडावर नवस बोलायला सून जाते, सोनोग्राफी तिची होते, गर्भनलिकेत औषध सोडून काढायचा तो दुखरा फोटोही तिचाच. नवऱ्याची तपासणी काहीशे रुपयांत आणि विनासुई होते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा आणि घरून आणायचा असेल तर तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचा. मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हलते, ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा. तिच्या खाली गेलेला माणूस बाप होऊच शकत नाही, असं नाही. ज्यांना मुलं झाली अशा पुरुषांतही शंभरातले पाच तिच्या खालीच होते. पहिला अहवाल कमी आला तर दुसरा करायचा आणि आधीच्या तीन महिन्यांत कुठला ताप येऊन गेला, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं.

या तपासणीला पुरुष घाबरतात, कारण शुक्राणूंचा आकडा आणि मर्दानगी त्यांच्या डोक्यात एकच झालेली असते. दाढी, आवाज, इच्छा, ताकद ही कामं पुरुषी संप्रेरक करतं आणि ते नळ्यांच्या मधल्या वेगळ्या पेशींत तयार होतं. गालगुंडात त्याही पेशी काही काळ मंदावतात, पण शुक्राणू एकही नसलेला माणूस इतर सर्व बाबतींत धडधाकट असू शकतो. रस्त्याकडेच्या तंबूतले वैद्य या गोंधळावरच पोट भरतात. त्यांच्याहून धोक्याचं दुकान अलीकडे व्यायामशाळेत निघालं आहे. बाहेरून टोचलेलं पुरुषी संप्रेरक मेंदूचा अंडकोषांना जाणारा हुकूम बंद करतं आणि होते तेवढे शुक्राणूही घटतात. आकडा वाढावा म्हणून ही इंजेक्शनं घेणारा तरुण स्वतःच्या हाताने तो शून्यावर आणत असतो.

आकडा खरोखरच कायमचा खाली गेला असेल, तरी दार पूर्ण बंद होत नाही. मुंबईत केईएम रुग्णालय आणि प्रजनन संशोधन संस्था यांनी मिळून ६ ऑगस्ट १९८६ ला परीक्षानळीतून गर्भ रुजवलेल्या बाळाचा जन्म घडवला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या देखरेखीखाली. तेव्हा त्यासाठी भरपूर शुक्राणू लागत. १९९२ मध्ये बेल्जियममधून एकच शुक्राणू बारीक सुईने बीजांडात सोडण्याची पद्धत आली आणि गणित बदललं. वीर्यात शून्य असलेल्या काहींच्या अंडकोषातूनही शस्त्रक्रियेने थेट शुक्राणू शोधता येतात. हे खर्चाचं आणि मनाला थकवणारं काम आहे, यशाची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. अशा केंद्रांची नोंदणी २०२१ च्या कायद्याने सक्तीची आहे, ती पैसे भरण्याआधी पाहून घ्यावी.

एवढ्या खटाटोपाला जो रोग कधी कधी कारण होतो, त्याची लस जुनी आहे. मॉरिस हिलमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये आपल्या आजारी मुलीच्या घशातून गालगुंडाचा विषाणू घेतला आणि १९६७ मध्ये त्याची लस बाजारात आली. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची एकत्र लस पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट कित्येक वर्षं बनवते. पण २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत जी मोठी मोहीम झाली, ती गोवर-रुबेलाची होती. सरकारी लसीकरणातही हीच दुहेरी लस आहे. गालगुंडाने माणसं सहसा मरत नाहीत, म्हणून ते मागे राहिलं. मृत्यूच्या हिशेबात हे बसतं. वंध्यत्व, बहिरेपण, मेंदूज्वर यांचा हिशेब मांडला तर मला ते पटत नाही, आणि बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही नवव्या महिन्यापासून तिहेरी लस द्यावी असंच सांगत आली आहे. २०२४ च्या सुरुवातीला केरळ, राजस्थान आणि महाराष्ट्रात गालगुंडाचे रुग्ण वाढले, तेव्हा ही मागणी पुन्हा झाली.

ज्यांच्या आईबापांनी खासगी दवाखान्यात पैसे मोजून ही लस दिली नाही, ती मुलं आज जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांत, भरतीच्या मैदानांवर, कारखान्यांच्या खोल्यांत एकत्र राहतात. लहानपणी हा रोग होऊन गेला नसेल तर त्यांच्या वयात तो महागात पडतो. मोठ्या माणसालाही तिहेरी लस घेता येते, किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. स्त्रीने ती गरोदरपणात घ्यायची नसते. पुरुषाला तशी कुठलीही अडचण नाही, लग्न ठरल्यावर हळदीच्या आधीही तो ती घेऊ शकतो.